‘नस सुकली’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एक वाक्य फार ऐकू येतं : ‘एका डोळ्याची नस सुकलीय, आता वय झालं, काही होणार नाही.’ ऐकणारा पुष्कळदा वीस-बावीस वर्षांचा असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र याच शहरात असल्यामुळे सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं आपल्याकडे गावोगाव आहेत. तिथल्या वैद्यकीय तपासणीत दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले जातात आणि एक डोळा तक्त्याच्या वरच्या दोन-तीन ओळींखाली जातच नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळतं. मग घरचे मिरज, कोल्हापूर, हुबळी अशा फेऱ्या मारतात. कुणी थेंब देतं, कुणी मोबाइलवर ‘पंधरा दिवसांत चष्मा घालवा’ अशा चित्रफिती पाठवतं. आम्ही डोळे तपासण्याच्या आणि दोन्ही डोळ्यांना एकत्र काम करायला लावण्याच्या धंद्यातली माणसं आहोत. ‘काही होणार नाही’ आणि ‘पंधरा दिवसांत होईल’ ही दोन्ही सांगणी चुकीची आहेत, आणि त्यातलं दुसरं जास्त धोक्याचं आहे, म्हणून हे पत्र.

पुष्कळदा हा असतो ‘आळशी डोळा’ (अँब्लिओपिया), आणि आळशी डोळ्यात नस सुकलेली नसते. नस सुकणं हा वेगळा आजार आहे आणि डोळ्याच्या मागचा पडदा तपासताना तो डॉक्टरांना दिसतो. आळशी डोळ्यात पडदा निरोगी, नस निरोगी, बाहुलीही नेहमीसारखी असते. लहानपणी त्या डोळ्यातून मेंदूकडे स्वच्छ किंवा जुळणारं चित्र गेलेलं नसतं, म्हणून मेंदूनं त्याच्याकडे लक्ष देणं सोडलेलं असतं. कारणं मुख्यतः तीन. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असणं, तिरळेपणा, आणि जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली उतरलेली पापणी यांमुळे डोळाच झाकलेला राहणं. यातलं पहिलं कारण मोठेपणापर्यंत लपून राहतं. समजा उजव्या डोळ्याला नंबर नाही आणि डाव्याला प्लस ४ आहे. असं मूल सरळ दिसतं, वाचतं, खेळतं, कुणाला संशय येत नाही. मायनस ३ वाला डोळा निदान जवळचं तरी स्वच्छ पाहतो, म्हणून तो इतका आळशी होत नाही. प्लस ४ वाल्या डोळ्याला लांबचंही धूसर आणि जवळचंही धूसर. तिरळेपणा मात्र दिसतो, पण ‘तिरळा डोळा भाग्याचा’ म्हणत तोही वर्षानुवर्षं तसाच ठेवला जातो.

‘वयाच्या सात-आठ वर्षांनंतर उपचाराचा उपयोग नाही’ असंही सर्रास सांगतात. ते कुठून आलं, तेही सांगायला हवं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवला. नंतर तो उघडल्यावर मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दाद देत नव्हत्या. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. पण दोष निर्माण होण्याचं वय आणि दोष सुधारण्याचं वय एकच असतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. २००५ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. १३ ते १७ वर्षांच्या ज्या मुलांवर आधी कधीच उपचार झाले नव्हते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची नजर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून सुधारली होती. चांगला डोळा अपघातात किंवा आजारात गेल्यावर म्हातारपणीसुद्धा काहींचा आळशी डोळा सुधारल्याच्या नोंदी आहेत. दार बंद झालेलं नसतं, जड झालेलं असतं. ते किती उघडेल हे ज्याच्या-त्याच्या डोळ्यांवर अवलंबून आहे, आणि त्यासाठी आधी नीट तपासणी लागते.

तपासणीला जाताना लहानपणीचे फोटो आणि जुने चष्म्याचे कागद न्यावेत. वयाची दोन वर्षं पुरी होण्याआधीच्या फोटोत फ्लॅशचा ठिपका दोन्ही बुबुळांवर सारख्या जागी आहे की नाही, हे पाहून तिरळेपणा कधीपासूनचा याचा अंदाज येतो, आणि पुढचा बराच निर्णय त्यावर ठरतो. डोळ्यात थेंब घालून नंबर काढायचा आग्रह धरावा. थेंबांशिवाय तरुण माणसाचा प्लस नंबर लपतो. थेंबांचा असर कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, त्यामुळे त्या दिवशी दुचाकी चालवत घरी जायचं नाही. खानापूर किंवा चंदगडकडून येणाऱ्यांनी सोबत कुणाला तरी आणावं.

तक्त्याबद्दल एक गोष्ट आमच्या भागापुरती. मराठी शाळेत शिकलेल्या माणसासमोर कानडी अक्षरांचा तक्ता आला की तो अडखळतो, आणि ते अडखळणं नजरेच्या खात्यात जमा होतं. अशा वेळी इंग्रजी ई वेगवेगळ्या दिशांना वळवलेला तक्ता मागावा आणि बोटांनी दिशा दाखवावी. शिवाय ओळ अख्खी दाखवली पाहिजे. आळशी डोळ्याला एकेकटं अक्षर बरं दिसतं, पण ओळीत शेजारी अक्षरं आली की गर्दीत ती एकमेकांत मिसळतात. सुटी अक्षरं दाखवून ६/१२ (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून दिसणं) आलं म्हणून खूश होऊ नये. ओळीत तोच डोळा ६/२४ निघू शकतो.

मोठ्या माणसाच्या एका डोळ्याला कमी दिसतं हे नुकतंच लक्षात आलं असेल, तर बारीक छिद्रातून पाहायला लावणं, पडदा तपासणं, बुबुळाचा आकार पाहणं हे सगळं झाल्याशिवाय ‘आळशी डोळा’ हा शब्द वापरू नये. बाकी सगळं नाकारून झाल्यावर उरतं ते हे निदान. आणि मोठेपणी अचानक सगळं दोन-दोन दिसू लागलं, तर त्याचा आळशी डोळ्याशी संबंध नाही. ते साखर, रक्तदाब किंवा मेंदूच्या नसेचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

उपचाराची पहिली पायरी चष्मा, आणि सर्वांत जास्त चुका इथंच होतात. काही दुकानांत कमजोर डोळ्याला ‘बॅलन्स’ काच बसवून देतात. म्हणजे नंबर न घालता, दोन्ही काचा सारख्या जाड दिसाव्यात एवढंच पाहतात. ‘त्या डोळ्याला तसंही दिसत नाही’ हे त्यामागचं कारण. तो चष्मा म्हणजे डोळ्याच्या आळसावर शिक्का मारणं आहे. पूर्ण नंबर हवा. पहिले आठ-दहा दिवस जमीन कलल्यासारखी वाटते, पायरीचा अंदाज चुकतो, म्हणून बरेच जण चष्मा काढून ठेवतात किंवा नंबर कमी करून घेतात. तो काळ निभावून न्यायचा. चष्मा दिवसभर घालायचा आणि सोळा ते अठरा आठवडे दुसरं काही न करता, दर सहा आठवड्यांनी नजर मोजत राहायची. मुलांमध्ये केवळ चष्म्यानं पाव हिस्सा डोळे पूर्ण बरे झाल्याचं दिसलं आहे. मोठ्यांमध्ये इतकं नाही होत, पण सुधारणा होते. ती थांबल्याशिवाय पट्टी सुरू केली, तर फरक कशानं पडला हे कधीच कळत नाही.

दोन काचांच्या नंबरात मोठा फरक असला की आणखी एक अडचण येते, ती जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्याकडे क्वचितच कुणी लक्ष देतं. काचेच्या मध्यापासून डोळा जितके सेंटिमीटर सरकेल, त्याला नंबरानं गुणलं की तेवढं प्रिझम (चित्र बाजूला सरकवण्याची काचेची ताकद) तयार होतं. फरक ४ चा असेल आणि वाचताना नजर काचेत १ सेंटिमीटर खाली गेली, तर दोन डोळ्यांच्या चित्रांत वर-खाली ४ प्रिझमचा फरक पडतो. आपले डोळे वर-खालचा फरक साधारण २ ते ३ प्रिझमपर्यंतच सांभाळू शकतात. म्हणजे वर्तमानपत्र वाचायला नजर खाली नेली की मेंदूला दोन पर्याय उरतात, दोन ओळी पाहणं किंवा कमजोर डोळ्याचं चित्र पुन्हा दाबणं, म्हणजे त्याकडे दुर्लक्ष करणं. तो दुसरा निवडतो. महिनोन् महिने व्यायाम करून मिळवलेलं दिवसातून चार तास असं वाचताना निसटतं. उपाय साधा आहे. वाचताना डोळे खाली नेऊ नका, मान खाली घाला, म्हणजे नजर काचेच्या मध्यातून जाते. फ्रेम लहान घ्या, आणि दोन्ही बाहुल्यांचं नाकापासूनचं अंतर वेगवेगळं मोजून घ्या. प्लस ४ च्या काचेचा मध्य अर्धा सेंटिमीटर चुकला तरी २ प्रिझम आलंच.

दुसरी अडचण चित्राच्या आकाराची. नंबरातल्या दर एका अंकाच्या फरकामागे दोन चित्रांच्या आकारात साधारण एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो आणि पाच टक्क्यांपुढे मेंदूला ती जुळवणं जड जातं. दोन्ही अडचणींवर कॉन्टॅक्ट लेन्स हा चांगला तोडगा आहे, कारण ती बुबुळाबरोबर फिरते. पण नळाचं पाणी, विहिरीचं पाणी लेन्सला लागता कामा नये, लेन्स घालून झोपू नये, आणि मळणी-गुऱ्हाळाच्या धुळीत ती घालू नये. ‘लेझरनं नंबर घालवला की डोळा बरा’ असंही लोक समजतात. लेझरनं नंबर जातो, आळस जात नाही.

पट्टीचं म्हणाल तर थोडक्यात सांगता येईल. चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास, तीही चष्म्याच्या काचेवर कापड लावून नव्हे तर कातडीला चिकटणारी, कारण काचेच्या कडेनं माणूस नकळत डोकावतो. पट्टी असताना बारीक काम करायचं. तांदूळ निवडणं, मणी ओवणं चालेल. आम्ही देतो ते काम असं : वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक ‘घ’ भोवती गोल, प्रत्येक ‘ध’ खाली रेघ. दुसऱ्या दिवशी ‘भ’ आणि ‘म’, तिसऱ्या दिवशी ‘ब’ आणि ‘व’. देवनागरीत या जोड्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की ओळीतल्या गर्दीत त्या वेगळ्या करताना आळशी डोळ्याची खरी कसोटी लागते. मग पट्टी काढून तेच तपासायचं आणि किती चुकलं ते तारखेसह लिहून ठेवायचं. पट्टी निघत नसेल तर खोबरेल तेल लावा, कातडी ओढू नका. पट्टी लावून गाडी, यंत्र, विळी नाही. दर चार ते सहा आठवड्यांनी दोन्ही डोळ्यांची नजर मोजायची, चांगल्याचीसुद्धा. तीन महिन्यांत एक ओळही पुढे सरकली नाही तर पट्टी बंद करावी. मोठ्यांमध्ये एक-दोन ओळी सुधारणं हे चांगलं यश आहे.

पण हे सगळं एका डोळ्याचं झालं. चहा ओतताना किटलीची चोच पेल्याच्या काठाला टेकवून मगच ओतणारी माणसं आपण पाहतो. पेल्याचा काठ किती पुढे आहे, हे त्यांना दोन डोळ्यांनी मिळून कळत नाही, म्हणून ती स्पर्शानं अंतर ठरवतात. सुईत दोरा ओवताना, वडगाव-खासबागेत मागावर तुटलेला धागा सांधताना, उद्यमबागेत लेथवर हत्यार पुढे घेताना हीच तऱ्हा. सावली, वस्तूंचं एकमेकींआड जाणं, डोकं हलवल्यावर जवळची वस्तू जास्त सरकणं, यांवरून ती काम उत्तम निभावतात. पण कमजोर डोळ्याची नजर दोन ओळी सुधारली तरी किटली काठाला टेकणं थांबत नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू त्या डोळ्याचं चित्र अजूनही दाबतच असतो. पट्टीनं ते दाबणं आपोआप जात नाही. त्यासाठी दोन्ही डोळे उघडे ठेवून वेगळं काम करावं लागतं.

दाबणं आहे की नाही ते चार दिव्यांच्या चाचणीत कळतं. एक लाल, दोन हिरवे, एक पांढरा असे दिवे, आणि उजव्या डोळ्यासमोर लाल, डाव्यासमोर हिरवी काच. चारही दिसले तर दोन्ही डोळे मिळून पाहतात. दोनच लाल दिसले तर डावा दाबलेला, तीनच हिरवे दिसले तर उजवा. पाच दिसले तर दोन्ही पाहतात, पण चित्रं जुळत नाहीत. ही चाचणी हातभर अंतरावर आणि ६ मीटरवर अशी दोन्हीकडे करून घ्यावी. जवळून दिव्यांचं चित्र पडद्यावर मोठं पडतं, म्हणून जवळ चार आणि लांब दोन किंवा तीनच दिसणारे खूप जण असतात. त्यांच्या नजरेचा कडेचा भाग जुळतो, मध्याचा दाबलेला राहतो. जवळ चार दिसले म्हणून ‘सगळं ठीक’ असा शेरा मारणं चूक आहे.

वस्तूंची खोली, म्हणजे पुढे-मागेपण, दिसते का, हे माशीच्या मोठ्या चित्राच्या चाचणीनं पाहतात. ध्रुवीय (पोलरॉइड) चष्मा लावल्यावर माशीचे पंख कागदापासून वर आलेले दिसतात आणि माणूस बोटांनी हवेत चिमूट धरतो. पंखांना सुमारे ३००० कलासेकंदांची (कलासेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) स्थूल खोली लागते, त्याच पुस्तकातल्या वर्तुळांपैकी शेवटच्याला ४०. आकडा जितका लहान, तितकी खोलीची जाण बारीक. माणूस अंदाजानं सांगतोय अशी शंका आली तर पुस्तक उलटं फिरवावं. मग माशी कागदाच्या आत गेलेली दिसायला हवी.

घरी करण्यासारखं आणि जवळपास फुकटातलं साधन म्हणजे दोरी आणि तीन मणी. अमेरिकी ऑप्टोमेट्रिस्ट फ्रेडरिक ब्रॉक यांच्या नावानं ती ओळखली जाते. ३ मीटर पांढरी, गुळगुळीत सुती दोरी घ्यावी. सुतळी नको, तिचे तंतू डोळ्यांत भरतात. लाल, पिवळा, हिरवा असे तीन मणी ४० सेंटिमीटर, १ मीटर आणि २ मीटरवर सरकवावेत. एक टोक खिडकीच्या गजाला डोळ्यांच्या पातळीवर बांधावं, दुसरं नाकाच्या शेंड्याला टेकवून ताणून धरावं. चष्मा घातलेला, मान सरळ. मधल्या मण्याकडे पाहिलं की एकाच दोरीच्या दोन दोऱ्या दिसल्या पाहिजेत, त्या बरोबर त्या मण्यात फुलीसारख्या एकमेकींना छेदल्या पाहिजेत, आणि पुढचा नि मागचा मणी दोन-दोन दिसले पाहिजेत. पुष्कळ जण इथंच घाबरतात. दोन दिसणं इथं बरोबर आहे. ज्या वस्तूकडे आपण पाहतो तिच्या पुढचं-मागचं सगळं प्रत्येकालाच दोन दिसतं, फक्त आपलं लक्ष नसतं. फुली मण्याच्या अलीकडे पडली तर डोळे गरजेपेक्षा आत वळतात, पलीकडे पडली तर कमी वळतात. एकच दोरी दिसली किंवा एक दोरी मण्यापाशी तुटली, तर एक डोळा दाबला गेला. कोणता, ते आळीपाळीनं डोळे झाकून ओळखावं. तेव्हा डोळे भराभर उघडझाप करावेत, बोटानं दोरीला टिचकी मारावी, नाहीतर चांगल्या डोळ्यासमोर लाल पारदर्शक कागद धरावा. चांगल्या डोळ्याचं चित्र मंद झालं की दाबलेली दोरी उजळून वर येते. हळूहळू कागदाशिवाय ती टिकली पाहिजे. पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी, यापेक्षा जास्त नको. थकलेला डोळा पुन्हा दाबण्याकडेच वळतो.

लाल कागदामागचं तत्त्वच आळशी डोळ्यासाठीच्या सध्याच्या संगणकीय खेळांमध्ये वापरतात. चांगल्या डोळ्याचं चित्र फिकं ठेवायचं, कमजोराचं गडद, आणि दोन्ही मिळूनच खेळ पुढे जाईल अशी रचना करायची. मग फिकं चित्र टप्प्याटप्प्यानं गडद करत दोन्ही समान पातळीवर आणायची. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली पडत्या ठोकळ्यांच्या खेळाचा असा छोटा प्रयोग प्रौढांवर केला आणि दोन आठवड्यांत फरक दिसला. मात्र २०१६ साली मुलांवरच्या मोठ्या चाचणीत असा खेळ दोन तासांच्या पट्टीपेक्षा सरस ठरला नाही. म्हणून हजारो रुपयांची वर्गणी भरून असे खेळ घेण्याची घाई करू नये. वाचणाऱ्यांसाठी लाल-हिरव्या पट्ट्यांचा पारदर्शक कागद पानावर ठेवून लाल-हिरवा चष्मा लावणंही तेच काम करतं. एका रंगाच्या पट्टीखालची अक्षरं नाहीशी झाली की तो डोळा दाबला जातोय, हे वाचता वाचता त्याच क्षणी कळतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. ही दोरी, हे खेळ, लाल-हिरवे चष्मे तिरळेपणा असलेल्या प्रत्येकासाठी नाहीत. ज्याचे डोळे सरळ आहेत आणि फक्त नंबरात फरक आहे, त्याला यातून फायदा होण्याची शक्यता सर्वांत चांगली. बारीक तिरळेपणावाल्यांना थोडा. तान्हेपणापासून मोठा तिरळेपणा असलेल्याचा मेंदू मात्र पुष्कळदा वेगळीच सोय लावून बसलेला असतो. वळलेल्या डोळ्यातली मध्याबाहेरची जागा तो चांगल्या डोळ्याच्या मध्याशी जोडून घेतो. अशा माणसात दाबणं ही आजाराची खूण असली तरी तीच त्याची ढालही असते. ती व्यायामानं मोडली आणि चित्रं जुळली नाहीत, तर त्याला रस्ता दोन, समोरून येणारी बस दोन, ताटातली भाकरी दोन असं दिसू लागतं. असं दुहेरी दिसणं काही वेळा कायमचं राहतं आणि मग चष्म्याची एक काच धूसर करून जगावं लागतं. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून व्यायाम करणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

म्हणून सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. डोळे झाकून-उघडून प्रिझमनं तिरळेपणाचा कोन मोजणं. कमजोर डोळा पडद्याच्या मध्यानंच पाहतो की बाजूनं, हे पाहणं. आणि गडद होत जाणाऱ्या लाल काचांच्या पट्टीनं दाबणं किती घट्ट आहे ते मोजणं. एक-दोन फिक्या काचांतच दुहेरी दिसू लागलं तर दाबणं सैल आहे, तिथं व्यायाम जपून. तिरळेपणाची शस्त्रक्रिया मोठेपणीही करता येते आणि ती फक्त दिसण्यासाठी नसते. पण तिच्याआधीही काचेवर प्रिझम लावून, डोळे सरळ झाल्यावर दुहेरी दिसेल का, हे पाहायला सांगा. व्यायामानंतर चार-पाच मिनिटांत न जाणारं दुहेरी दिसणं, वाचताना ओळी एकमेकींवर चढणं, किंवा रोज कपाळ दुखणं, यातलं काही झालं तर सगळं थांबवा, चांगल्या सवयीच्या डोळ्यानंच पाहा आणि तपासणाऱ्याकडे परत जा. ‘थोडं सोसलं की जमेल’ हे इथं लागू नाही.

मिळतं काय? अमेरिकेतल्या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापक सुसान बॅरी यांना तान्हेपणापासून तिरळेपणा होता, लहानपणी शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि वयाच्या ४८ व्या वर्षी नेत्रव्यायामांनंतर गाडीचं स्टिअरिंग डॅशबोर्डपासून सुटून पुढे आलेलं त्यांना पहिल्यांदा दिसलं. हे उदाहरण आशेनं सांगितलं जातं, तसं सांगावंही. पण त्या दोन्ही डोळे आलटूनपालटून वापरत असत, खोल आळशी डोळ्याची ती गोष्ट नाही. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांना लाभ होतो त्यांना बहुतेक वेळा स्थूल खोली मिळते, म्हणजे माशीचे पंख आणि पहिली काही वर्तुळं. ४० पर्यंत पोहोचणारे थोडे. तरी एवढ्यानं पेला, पायरी, चेंडू यांचा अंदाज सुधारतो. काळ सहा महिने ते वर्ष. भरतीच्या तारखेला दोन महिने उरले असताना डोळा त्या मापात बसवून देण्याचं आश्वासन कुणी देत असेल तर पैसे देऊ नका.

आणि ज्यांना यातलं काहीच लागू पडलं नाही त्यांच्यासाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच : एकच चांगला डोळा असलेल्या माणसानं तो जपणं ही पहिली औषधयोजना आहे. नंबर नसला तरी दिवसभर पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा घालावा. फौंड्रीत, ग्राइंडरवर, वेल्डिंगशेजारी त्यावर बाजूनं बंद असलेला गॉगल. ऊसतोडीत पाल्याची धार बुबुळाला लागते. त्या ओरखड्यातून बुरशीची जखम होते आणि ती डोळा घालवू शकते. पाला लागला की तूप, दूध, मेडिकलमधले स्टेरॉइडचे थेंब यातलं काहीही न घालता त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. अथणी, चिक्कोडी, संकेश्वरच्या उसाच्या पट्ट्यात हे घराघरांत माहीत असायला हवं.

शेवटी, संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी. उन्हाळी सुटीनंतर शाळा उघडतात त्या आठवड्यात आपल्या अंकात ई या इंग्रजी अक्षराची पाच चिन्हांची एक ओळ छापावी, शेजारशेजारची चिन्हं वेगवेगळ्या दिशांना वळवलेली. प्रत्येकाची उंची आणि रुंदी पावणेनऊ मिलिमीटर, तिन्ही काड्यांची जाडी आणि मधल्या फटी उंचीच्या एक पंचमांश, दोन चिन्हांमध्ये एका चिन्हाइतकी जागा. अंक दिवसाउजेडी भिंतीला लावून बरोबर ३ मीटरवरून पाहिलं तर ती ६/१२ ची ओळ होते. चष्मा असेल तर तो घालून, एक डोळा तळहातानं झाकून (दाबून नव्हे, दाबल्यावर तो डोळा थोडा वेळ धूसरच पाहतो), मग दुसरा. एका डोळ्यानं पाचही दिशा सांगता आल्या आणि दुसऱ्यानं तीनही नाही, तर तपासणी करून घ्यायची. वाचता न येणारं मूल, मराठी शाळेतलं, कानडी शाळेतलं, आणि त्यांचे आईवडील, सगळ्यांना ती चालते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरून फटी बुजू नयेत म्हणून मूळ आकृती मोजून, एक-दोन नमुने छापून पाहावे लागतील. आकृती आम्ही आपल्या कार्यालयात आणून देऊ आणि छापलेला नमुना मोजपट्टीनं तपासायलाही येऊ.

आपले,
डोळे तपासणीच्या कामातले काही जण, बेळगाव